सोळा तासांचा उंबरठा : ब्रिटनमधील एकल पालक, अर्धवेळ नोकरी आणि सरकारी साहाय्य

विवाह किंवा सहजीवन मोडल्यानंतर मुले ज्या पालकाजवळ राहतात त्याला एकल पालक म्हणतात, आणि ब्रिटनमधील अशा दहापैकी आठांहून अधिक कुटुंबांत हा पालक म्हणजे आईच असते. घर नव्याने मांडायचे, मुलांना सावरायचे आणि स्वतःही सावरायचे, या साऱ्याबरोबर तिला एक हिशेबही तातडीने मांडावा लागतो : आठवड्याला किती तास काम करायचे, त्या कामाच्या पगारामुळे सरकारी साहाय्य किती घटेल, आणि दोहोंची बेरीज घरभाड्याला व किराण्याला पुरेल की नाही. शाळा साधारणतः नऊच्या सुमारास भरते आणि साडेतीनच्या आत सुटते, मुलांना आणायला-सोडायला दुसरे माणूस घरात उरलेले नसते, त्यामुळे निदान सुरुवातीची काही वर्षे अर्धवेळ नोकरी हाच बहुतेकींसमोरचा व्यवहार्य मार्ग असतो. अर्धवेळ पगारावर घर चालत नाही आणि केवळ साहाय्यावरही चालत नाही. म्हणून या दोहोंची सांगड कशी घातली जाते, हा तेथील सामाजिक धोरणाचा गेल्या अर्धशतकातील एक अत्यंत कळीचा प्रश्न राहिलेला आहे.

या प्रश्नाची गंभीर दखल प्रथम घेतली ती न्यायमूर्ती मॉरिस फायनर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने. १९६९ मध्ये नेमलेल्या या समितीने १९७४ मध्ये अहवाल सादर केला आणि एकल पालकांसाठी निर्वाहाची हमी देणारा स्वतंत्र भत्ता सुचवला. कामावर जावे की मुलांजवळ घरी राहावे, याची खरीखुरी निवड पालकाला करता यावी, हा त्या शिफारशीमागचा विचार होता. ती शिफारस स्वीकारली गेली नाही. त्याऐवजी कमी पगारावर काम करणाऱ्या पालकांच्या पगारात सरकारने भर घालावी, ही १९७१ च्या ‘फॅमिली इन्कम सप्लिमेंट’पासून सुरू झालेली दुसरी वाट पुढे रुंदावत गेली : १९८८ मध्ये ‘फॅमिली क्रेडिट’ आले, १९९९ मध्ये ‘वर्किंग फॅमिलीज टॅक्स क्रेडिट’ आणि २००३ मध्ये ‘वर्किंग टॅक्स क्रेडिट’. या भरीचा लाभ मिळण्यासाठी आठवड्याला किमान किती तास काम हवे, याची मर्यादा १९९२ मध्ये २४ तासांवरून १६ तासांवर आणण्यात आली आणि तेव्हापासून ‘सोळा तास’ हा आकडा एकल पालकांच्या आयुष्यात कायमचा येऊन बसला. पंधरा तास काम करणारी आई एका योजनेत मोडत असे, सोळा तास करणारी दुसऱ्या योजनेत. एका तासाच्या फरकाने घराचे सारे उत्पन्न बदलत असे, आणि मालकाने कामाचे तास घटवले की पूर्ण अर्ज नव्याने करावा लागत असे.

हा उंबरठा काढून टाकण्याचे आश्वासन देतच ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही योजना आली. २०१२ च्या वेल्फेअर रिफॉर्म कायद्याने तिला आधार दिला, एप्रिल २०१३ मध्ये मँचेस्टरजवळील अ‍ॅश्टन-अंडर-लाइन येथे तिचा आरंभ झाला, आणि बेकारी भत्ता, घरभाड्याचे साहाय्य, मुलांसाठीचे टॅक्स क्रेडिट अशा सहा जुन्या योजना तिच्यात विलीन करण्यात आल्या. काम शून्य तास असो की तीस तास, योजना एकच राहील आणि पगार जसा वाढेल तसे साहाय्य हळूहळू उतरत जाईल, ही तिची मूळ कल्पना. पगारातील प्रत्येक पौंडामागे साहाय्यात होणाऱ्या कपातीच्या प्रमाणाला ‘टेपर’, म्हणजे उतरणीचा दर, म्हणतात. आरंभी तो ६५ टक्के होता, २०१७ मध्ये ६३ झाला आणि २०२१ च्या अखेरीस ५५ वर आणला गेला. ज्यांच्यावर मुलांची जबाबदारी आहे त्यांच्या पगारातील पहिला काही भाग कपातीतून पूर्णपणे वगळला जातो आणि त्या सवलतीस ‘वर्क अलाउन्स’ म्हणतात. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षासाठी ही कपातमुक्त रक्कम, घरभाड्याचे साहाय्य घेणाऱ्यांना महिन्याला ४११ पौंड आणि न घेणाऱ्यांना ६८४ पौंड अशी होती.

प्रत्यक्ष हिशेब करून पाहिल्याशिवाय या रचनेचे गुण आणि दोष लक्षात येत नाहीत. त्याच वर्षाचे दर धरून, पंचविशी ओलांडलेली, भाड्याच्या घरात राहणारी आणि एप्रिल २०१७ नंतर जन्मलेली दोन मुले असलेली आई डोळ्यांसमोर ठेवावी. तिला स्वतःसाठी महिन्याला ४००.१४ पौंड, प्रत्येक मुलामागे २९२.८१ पौंड आणि त्याशिवाय भाड्याचा मंजूर भाग अशी आकारणी होते. किमान वेतन तासाला १२.२१ पौंड असल्याने आठवड्याला १६ तास काम केल्यास तिचा मासिक पगार सुमारे ८४७ पौंड होतो. त्यातील ४११ वगळून उरलेल्या ४३६ पौंडांवर ५५ टक्के दराने सुमारे २४० पौंडांची कपात होते, म्हणजेच कमावलेल्या ८४७ पैकी ६०७ पौंडांनी घरचे उत्पन्न खरोखर वाढते. आठवड्याचे सोळा तास घराबाहेर घालवण्याचा हा मोबदला रास्त आहे, आणि जुन्या व्यवस्थेशी तुलना करता कामाचा पहिला टप्पा गाठणे आता पुष्कळ सोपे झाले आहे, हे मान्य करायलाच हवे.

अडचण सुरू होते ती त्या पुढच्या तासांपासून. हीच आई १६ ऐवजी २५ तास काम करू लागली तर पगार सुमारे १,३२३ पौंड होतो, म्हणजे ४७६ पौंडांची भर पडते. पण आता पगार करमुक्त मर्यादेच्या वर गेल्याने २० टक्के आयकर आणि ८ टक्के ‘नॅशनल इन्शुरन्स’, म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता, लागू होतो आणि उरलेल्या रकमेवर पुन्हा ५५ टक्क्यांची कपात चालू राहते. सारे वजा जाता, आणि पेन्शनचा हप्ता धरलाही नाही तरी, घरच्या उत्पन्नात भर पडते ती जेमतेम १८० पौंडांची. महिन्याचे ३९ तास जास्तीचे काम आणि तासाला हाती उरतात साडेचार पौंडांच्या आसपास. करमर्यादेच्या वर कमावलेल्या प्रत्येक पौंडातून अशा रीतीने ६७ पेन्सांहून अधिक निघून जातात; याउलट ब्रिटनमधील सर्वांत श्रीमंत करदात्याच्या पगारातील शेवटच्या पौंडावर ४५ टक्के आयकर आणि २ टक्के विमा, म्हणजे एकूण ४७ पेन्स कापले जातात. कमी पगाराच्या एकट्या आईने जास्तीचा तास काम करण्याची किंमत कोट्यधीशाच्या तासापेक्षा महाग ठरावी, ही गोष्ट कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारी नाही. पुष्कळ ठिकाणी स्थानिक कराची, म्हणजे ‘काउन्सिल टॅक्स’ची, कमी उत्पन्नामुळे मिळणारी सूटही पगाराबरोबर घटते, तेव्हा हाती उरणारा भाग याहूनही बारीक होतो.

नव्यानेच एकल झालेल्या पालकाला मात्र या हिशेबापर्यंत पोहोचण्याआधीच अनेक गोष्टी निस्तराव्या लागतात. जोडप्याचा दावा संयुक्त असतो. विभक्त झाल्याची नोंद केल्यावर तो मोडून स्वतंत्र दावा उभा राहतो, आणि परवडत नसल्याने दोघे काही काळ एकाच छपराखाली राहिली तर संसार खरोखर वेगळे झाले आहेत हे पटवून द्यावे लागते. पहिल्यांदाच युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्याला पहिली रक्कम मिळायला सुमारे पाच आठवडे लागतात, कारण आधी एक महिना आकारणीचा जातो आणि त्यानंतर सुमारे आठवड्याने पैसे येतात. त्या काळासाठी आगाऊ रक्कम मिळते, परंतु ती बिनव्याजी कर्जच असून पुढील २४ महिन्यांपर्यंतच्या हप्त्यांतून ती वळती केली जाते. म्हणजे ज्या काळात घर सर्वाधिक अस्थिर असते त्या काळाचा भार पुढच्या दोन वर्षांवर पसरतो. बचत १६,००० पौंडांहून अधिक असेल तर साहाय्य मुळीच मिळत नाही, त्यामुळे वाटणीत हाती आलेल्या पैशाचे स्वरूप काय आणि तो कशासाठी राखून ठेवला आहे, हेही महत्त्वाचे ठरते. ‘चाइल्ड बेनिफिट’ हा मुलांसाठीचा साप्ताहिक भत्ता (एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात पहिल्या मुलासाठी २६.०५ पौंड, पुढील प्रत्येकासाठी १७.२५) कोणाच्या नावावर आहे हे लगेच तपासून घ्यावे लागते, आणि घरात एकच प्रौढ उरल्याने काउन्सिल टॅक्समध्ये मिळणारी २५ टक्के सवलतही मागून घ्यावी लागते, ती आपोआप लागू होत नाही.

पोटगीच्या बाबतीत कायद्याने केलेला एक भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही, आणि त्याचे परिणाम मोठे असतात. मुलांच्या संगोपनासाठी दुसऱ्या पालकाकडून येणारी रक्कम युनिव्हर्सल क्रेडिटच्या हिशेबात अजिबात धरली जात नाही. पूर्वी अशा रकमेतील बहुतांश भाग साहाय्यातून वजा होत असे आणि वडिलांनी दिलेले पैसे मुलांपर्यंत न पोहोचता सरकारी खर्च कमी करीत असत, ती पद्धत २०१० मध्ये पूर्णपणे बंद झाली. याउलट घटस्फोटित जोडीदाराला स्वतःच्या निर्वाहासाठी मिळणारी पोटगी मात्र पूर्ण उत्पन्न मानली जाते आणि पौंडास पौंड वजा होते. तडजोडीच्या कागदावर एकच रक्कम कोणत्या नावाने लिहिली आहे, यावर घरात येणाऱ्या पैशाचे प्रमाण ठरते, म्हणून विभक्त होतानाचा करारनामा आणि साहाय्याचे नियम शेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

उत्पन्न किती, याइतकेच उत्पन्न कोणत्या तारखेला आले यालाही या योजनेत महत्त्व आहे. प्रत्येक दावेदाराचा आकारणीचा महिना ठरलेल्या तारखेला सुरू होऊन ठरलेल्या तारखेला संपतो, आणि मालकाने करखात्याला कळवलेला पगार संगणक त्या महिन्याच्या चौकटीत बसवतो. महिन्याच्या अखेरच्या दिवशी पगार घेणाऱ्या आईच्या बाबतीत, शेवटचा दिवस शनिवार-रविवारी आला आणि पगार दोन दिवस आधी जमा झाला की एका आकारणीत दोन पगार आणि दुसऱ्या आकारणीत एकही नाही, असे घडे. दोन पगारांच्या महिन्यात साहाय्य जवळजवळ नाहीसे होई आणि पगारशून्य महिन्यातील कपातमुक्त सवलत वाया जाई. चार नोकरदार एकल मातांनी याविरुद्ध दाद मागितली आणि जून २०२० मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ही पद्धत तर्कविसंगत ठरवली, त्यानंतर त्याच वर्षी नियम बदलून असा पगार योग्य महिन्यात वळवण्याची तरतूद झाली. मात्र ज्यांना दर चार आठवड्यांनी पगार मिळतो, त्यांच्या वर्षातील एका महिन्यात दोन पगार पडतातच. आणि ज्यांच्या कामाचे तास दर आठवड्याला बदलतात, त्या दुकानांतील, वृद्धाश्रमांतील व स्वयंपाकघरांतील कामगार स्त्रियांना पुढच्या महिन्यात नेमके किती साहाय्य येईल हे आधी सांगता येत नाही. घरभाडे मात्र ठरलेल्या तारखेलाच द्यायचे असते.

मुले सांभाळण्याच्या खर्चातही वेळेचाच प्रश्न आहे. नोकरी करणाऱ्या पालकाला नोंदणीकृत पाळणाघर किंवा मुले सांभाळणारी व्यक्ती यांच्या खर्चापैकी ८५ टक्के एका कमाल मर्यादेपर्यंत परत मिळतात; एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षासाठी ही मर्यादा एका मुलासाठी महिन्याला १,०३१.८८ पौंड आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी १,७६८.९४ पौंड होती. पण ‘परत मिळतात’ या शब्दांतच अडचण आहे : पाळणाघर पैसे महिन्याच्या आरंभी मागते, आईने आधी भरायचे, पावती ऑनलाइन खात्यावर चढवायची आणि मग भरपाईची वाट पाहायची. नव्याने कामाला लागणाऱ्यांना पहिल्या महिन्याचा खर्च आगाऊ देण्याची सोय २०२३ मध्ये वाढवण्यात आली, हे एक चांगले पाऊल झाले. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांपासून शाळेत जाण्याच्या वयापर्यंतच्या मुलांना वर्षातील ३८ आठवडे दर आठवड्याला ३० तास शासनाच्या खर्चाने सांभाळले जाऊ लागले. मात्र त्यासाठी पालकाची कमाई किमान वेतनाच्या दराने आठवड्याला १६ तासांच्या पगाराइतकी असावी लागते. युनिव्हर्सल क्रेडिटने पुढच्या दाराने घालवलेला सोळा तासांचा उंबरठा येथे मागच्या दाराने परत आलेला दिसतो.

तोच उंबरठा आणखी एका ठिकाणी उभा आहे, आणि तेथे तो सर्वांत कठोर आहे. २०१३ पासून एका कुटुंबाला मिळणाऱ्या एकूण साहाय्यावर ‘बेनिफिट कॅप’ नावाची कमाल मर्यादा घालण्यात आली. २०२३ पासून ती लंडनबाहेरील कुटुंबासाठी वर्षाला २२,०२० पौंड आणि लंडनमध्ये २५,३२३ पौंड आहे. या मर्यादेतून सुटण्याचा मुख्य मार्ग म्हणजे ठरावीक कमाई, आणि एप्रिल २०२५ पासून ती कमाई महिन्याला ८४६ पौंड, म्हणजे पुन्हा किमान वेतनाचे सोळा तास, अशी ठरलेली होती. आता गंमत नव्हे तर गंभीर विसंगती अशी की, मूल एक वर्षाचे होईपर्यंत एकल पालकावर नोकरीसंबंधी कोणतेही बंधन नसते, तीन वर्षांचे होईपर्यंत फक्त मुलाखती आणि तयारी अपेक्षित असते. म्हणजे शासन एका हाताने सांगते की तान्ह्या मुलाच्या आईने कामावर जाण्याची गरज नाही, आणि दुसऱ्या हाताने, ती गेली नाही म्हणून भाड्याचे पैसे कापते. दोन वर्षांखालील मुले असलेल्या एकल पालकांच्या वतीने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०१९ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने मर्यादा वैध ठरवली, आणि लेडी हेल व लॉर्ड केर यांनी विरोधी मत नोंदवले. मर्यादा कायदेशीर ठरली, पण तिच्यातील विसंगती त्या निकालाने मिटलेली नाही.

मूल तीन वर्षांचे झाले की अपेक्षांचा सूर पालटतो. २००८ पर्यंत एकल पालकाला धाकटे मूल १६ वर्षांचे होईपर्यंत नोकरी न शोधता ‘इन्कम सपोर्ट’ घेता येत असे. ही वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने १२, १०, ७ आणि २०१२ मध्ये ५ वर्षांवर आली, युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ती ३ झाली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३ ते १२ वर्षांच्या मुलांच्या मुख्य पालकाकडून आठवड्याला ३० तासांपर्यंत कामाची अपेक्षा धरली जाऊ लागली. ‘वर्क कोच’ म्हणजे रोजगार केंद्रातील मार्गदर्शक अधिकारी हे तास परिस्थितीनुसार कमी करू शकतो, आणि विभक्त होण्याने मुलांना त्रास झाला असेल तर काही काळ अट शिथिलही करता येते. परंतु हे मागावे लागते, आणि मागता येते हे आधी ठाऊक असावे लागते.

काही बाबतींत तर उतरण नाहीच, सरळ कडाच आहे. इंग्लंडमध्ये शाळेतील मोफत जेवणासाठी युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या घराची वार्षिक कमाई ७,४०० पौंडांच्या आत असावी अशी अट २०१८ पासून होती; वर मांडलेल्या उदाहरणातील आई सोळा तास काम करूनच ती ओलांडते. सप्टेंबर २०२६ पासून ही अट काढून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या सर्व घरांतील मुलांना जेवण देण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला, तर साहाय्यातील मुलांचा भाग पहिल्या दोन मुलांपुरताच ठेवणारी २०१७ ची मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठवण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. दोन्ही निर्णय एकल पालकांच्या घरांना सर्वाधिक उपयोगी पडणारे आहेत.

ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांनी या साऱ्याचे एक वेगळे अंग जाणून घेतले पाहिजे. ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसावर गेलेल्या व्यक्तीला आणि तिच्या अवलंबित जोडीदाराला ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ ही अट लागू असते, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, घरभाड्याचे साहाय्य यांपैकी कशावरही त्यांचा हक्क नसतो. मुलांचे शासकीय शाळेतील शिक्षण आणि राष्ट्रीय आरोग्यसेवा मात्र त्या अटीत मोडत नाहीत. विवाह मोडल्यास अवलंबित जोडीदाराच्या व्हिसाचा आधारच नाहीसा होतो. त्यामुळे पुण्या-नाशिकहून गेलेली आणि तेथे अर्धवेळ काम करणारी स्त्री कर भरत असूनही शेजारच्या ब्रिटिश आईला मिळणाऱ्या आधारापासून दूर राहते, आणि तिला साहाय्याच्या अर्जाआधी व्हिसाविषयीचा कायदेशीर सल्ला घ्यावा लागतो. कायम वास्तव्याचा परवाना किंवा नागरिकत्व मिळाल्यावर ही भिंत सामान्यतः उरत नाही.

महाराष्ट्रातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा आणि पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित स्त्रिया मोडतात, अनुदान महिन्याला १,५०० रुपये आहे, आणि त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, राहिलेली आहे. दोन घरची धुणीभांडी करणारी स्त्रीही ती ओलांडते, आणि कागदोपत्री उत्पन्न कमी दाखवण्यावाचून तिच्यापुढे मार्ग उरत नाही. येथे पंधरा आणि सोळा तासांमधला उंबरठाही नाही, कामाला लागणे हाच उंबरठा आहे. ब्रिटनचा उतरणीचा दर येथे जसाच्या तसा आणता येणार नाही, कारण दरमहा पगाराची नोंद देणारा मालक असंघटित कामात नसतो. परंतु उत्पन्नमर्यादा किमान वेतनाशी जोडून दरवर्षी वाढवत नेणे आणि नवे काम लागल्यावर अनुदान लगेच बंद न करता निदान वर्षभर चालू ठेवणे, या दोन गोष्टींसाठी संगणकाची किंवा पगारपत्रकाची गरज नाही. तहसील कार्यालयातील आजच्या व्यवस्थेतही त्या अमलात आणता येतील.